एका हाताने चालणारी खुर्ची : एक अभ्यास

स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना होती. इतिहासाचे शिक्षक या नात्याने ती आम्हांस मान्यही होती. परंतु गेल्या वर्षभरात आमचा मोकळा वेळ ग्रंथालयापेक्षा कुपवाडच्या एका वेल्डिंगच्या दुकानात अधिक गेला. तेथे जे शिकलो ते आपल्या माजी विद्यार्थ्यांना, पालकांना व समाजबांधवांना अधिक उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून विषय बदलण्याची परवानगी आम्ही मागून घेतली. ज्याचा एकच हात चालतो अशा माणसाला चाकाची खुर्ची स्वतः चालवता यावी, यासाठी साध्या खुर्चीत कोणते फेरबदल करावे लागतात, ते का करावे लागतात आणि त्यांचा समतेच्या विचाराशी काय संबंध आहे, हे या लेखात मांडावयाचे आहे.

निमित्त

माधवनगरच्या आपल्या वसतिगृहात दीर्घकाळ अधीक्षक म्हणून राहिलेले गुरुजी जुन्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्याच इच्छेवरून त्यांचे नाव येथे देत नाही. रात्री दहा वाजता बॅटरी घेऊन ते प्रत्येक खोलीच्या दारात थांबत, झोपलेल्या मुलांची डोकी मोजत आणि कुणाचे पांघरूण सरकले असेल तर आत येऊन ते नीट करत. कित्येक मुलांना घर सोडल्यानंतरचा पहिला दिलासा त्या बॅटरीच्या उजेडाने दिला.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी गुरुजींना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, वाचा शाबूत राहिली, पण डावा हात निकामी झाला आणि डावा पाय अंगाचा भार घेईनासा झाला. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून त्यांना चाकाची खुर्ची घेऊन दिली. दवाखान्यांत सर्वत्र दिसते तशीच ती होती : लोखंडी नळ्यांची, घडीची, मागे दोन मोठी चाके, पुढे दोन लहान. आपण आपले कर्तव्य पार पाडले, असे आम्हा सर्वांस वाटले.

त्या वर्षीच्या १४ एप्रिलच्या कार्यक्रमाचे निमंत्रण घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. चार मुले येतील, खुर्चीसह गाडीत बसवतील आणि व्यासपीठासमोर आणून ठेवतील, अशी सगळी व्यवस्था आम्ही उत्साहाने सांगितली. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मला आणू नका. मला येता आले तर मी येईन.”

काकू चहा घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, “खुर्चीत बसवलं की चालवायला बघतात. पण ती पुढं जातच नाही हो. जागच्या जागी गोल फिरते.”

खुर्ची गोल का फिरते

काकूंच्या या वाक्यात सगळा प्रश्न सामावलेला होता. साध्या खुर्चीची दोन्ही मोठी चाके एकमेकांपासून स्वतंत्र असतात. प्रत्येक चाकाला बाहेरून एक कडी जोडलेली असते. बसणारा दोन्ही हातांनी दोन्ही कड्या सारख्याच जोराने ढकलतो, तेव्हा खुर्ची सरळ जाते. उजवे चाकच ढकलले तर खुर्ची डावीकडे वळते, डावेच ढकलले तर उजवीकडे. वळण्याची सगळी युक्ती या फरकावर उभी आहे. म्हणजे दोन हात असलेल्या माणसासाठी जो गुण, तोच एक हात असलेल्या माणसासाठी दोष ठरतो. गुरुजी उजव्या हाताने जितका जोर लावत, तितकी खुर्ची डावीकडे फिरे आणि अखेर भिंतीला लागे.

दोष गुरुजींच्या हातात नव्हता आणि खुर्चीही बिघडलेली नव्हती. ती दुसऱ्याच शरीरासाठी घडवलेली होती.

थोडा इतिहास

चाकाच्या खुर्चीचा इतिहास पाहिला, तर त्यात दोन धारा दिसतात. एका धारेत खुर्ची दुसऱ्याने ढकलावयाची असते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील बाथ या गावी रुग्णांना गरम पाण्याच्या झऱ्यांकडे नेण्यासाठी जॉन डॉसन याने चाकांच्या खुर्च्या तयार केल्या, त्या याच प्रकारच्या. आत बसणारा धनिक आणि ढकलणारा नोकर. आपल्याकडील पालखी-मेण्याची आठवण करून देणारीच ही रचना होय.

दुसरी धारा अपंग माणसांनी स्वतः निर्माण केली. जर्मनीतील न्युरेंबर्गजवळ राहणारा श्टेफान फार्फलर हा घड्याळजी पायांनी अधू होता. १६५५ मध्ये त्याने स्वतःसाठी तीन चाकांची, हाताने दांडा फिरवून चालणारी गाडी बनवली. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेतील हर्बर्ट एव्हरेस्ट यांना खाणीतील अपघातात पाठीच्या कण्याची दुखापत झाली. मोटारीत ठेवता येईल अशी हलकी खुर्ची त्यांना हवी होती. त्यांचे अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांच्या साहाय्याने १९३३ च्या सुमारास कैचीसारखी मिटणारी घडीची खुर्ची तयार झाली. आज आपल्या दवाखान्यांत दिसणारी खुर्ची याच खुर्चीची वंशज आहे.

या इतिहासातून आम्ही एक धडा घेतला. खुर्चीत जी खरी सुधारणा झाली, ती ज्याला खुर्ची वापरावयाची होती त्याने स्वतःची अडचण सांगितल्यामुळे झाली. आम्ही मात्र गुरुजींना काहीही न विचारता खुर्ची विकत आणली होती.

आपल्या परिसरातही ही दुसरी धारा आहे. आपल्याच जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये जलतरणात त्यांनी भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवले. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच ‘चाकाची खुर्ची’ आहे. आपल्या वसतिगृहाच्या ग्रंथालयात हे पुस्तक असावे आणि नववी-दहावीच्या मुलांनी ते वाचावे, अशी आमची शिफारस आहे.

तीन मार्ग

एका हाताने खुर्ची चालवण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. कोणता मार्ग निवडावा, हे त्या व्यक्तीच्या शरीरावरून ठरते.

पहिला मार्ग दोन कड्यांचा. यात चालत्या हाताच्या बाजूच्या चाकावर एकाऐवजी दोन कड्या बसवतात. एक कडी त्याच बाजूचे चाक फिरवते. दुसरी, बहुधा थोडी लहान कडी, आसनाखालून जाणाऱ्या आडव्या दांड्याने पलीकडचे चाक फिरवते. दोन्ही कड्या एकत्र धरून ढकलल्या की खुर्ची सरळ जाते आणि एकच ढकलली की वळते. ज्याचे दोन्ही पाय चालत नाहीत, पण एक हात बळकट आहे, अशा व्यक्तीला हा मार्ग उपयोगी पडतो. परंतु दोन्ही चाकांचा भार एकाच हातावर आणि खांद्यावर येतो, पंजाची पकड चांगली असावी लागते आणि खुर्चीची रुंदी व वजन वाढते.

दुसरा मार्ग तरफेचा. खुर्चीच्या एका बाजूला उभा दांडा असतो. तो पुढेमागे हलवला की खुर्ची चालते आणि त्याच दांड्याने पुढचे चाक वळवून दिशा देता येते. सपाट, मोकळ्या जागेत ही खुर्ची चांगली चालते. घरातील अरुंद वळणांत ती अडचणीची होते. आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या हातपेडलच्या तीनचाकीबद्दल येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. पेडल एकाच बाजूला पाहून ती एका हाताची आहे असा समज होतो. परंतु अनेक तीनचाक्यांत एका हाताने पेडल मारताना दुसऱ्या हाताने दिशेचा दांडा धरावा लागतो. शिबिरात अशी तीनचाकी स्वीकारण्यापूर्वी हे तपासून पाहावे.

तिसरा मार्ग हात आणि पाय यांच्या जोडीचा. पक्षाघातात पुष्कळदा एका बाजूचा हात व पाय दुबळे होतात आणि दुसऱ्या बाजूचे दोन्ही चालू राहतात. अशा वेळी चांगल्या हाताने कडी ढकलावी आणि चांगल्या पायाची टाच पुढे टेकवून जमीन मागे ओढावी. हाताच्या जोराने खुर्ची जेव्हा एका बाजूला वळू लागते, तेव्हा पाय तिला पुन्हा सरळ करतो. यंत्र जवळजवळ काहीच लागत नाही. अट एकच, आसन इतके खाली हवे की पाठ टेकून बसल्यावरही टाच जमिनीला पूर्ण टेकली पाहिजे.

आम्हांस प्रथम दोन कड्यांच्या खुर्चीचे आकर्षण वाटले. तिच्यात कौशल्य दिसत होते. ओळखीच्या एका कुटुंबाकडून तशी खुर्ची आठवड्यापुरती मागून आणली. गुरुजींच्या पंजात दोन्ही कड्या एकदम मावेनात. दहा मिनिटांत खांदा भरून आला आणि घराच्या आतल्या दारातून खुर्ची जाईना. तेव्हा गुरुजीच म्हणाले, “अहो, माझा उजवा पाय रिकामा बसलाय. त्याला काही काम द्या की.” त्यांच्या या एका वाक्याने तिसरा मार्ग निश्चित झाला.

मापे

फेरबदलापूर्वी वैद्यकीय महाविद्यालयातील अथवा जिल्हा रुग्णालयातील फिजिओथेरपिस्टकडून व्यक्तीची तपासणी करून घ्यावी. बसण्याचा तोल, पायातील शक्ती, नजर आणि त्वचेची संवेदना या गोष्टी आपल्याला वरवर पाहून कळत नाहीत. त्यानंतर पुढील मापे घ्यावीत.

उंची : व्यक्तीला सपाट बाकावर पाठ टेकून बसवावे. रोजची चप्पल पायात असावी. गुडघ्यामागच्या खाचेपासून चपलेच्या तळापर्यंतचे अंतर मोजावे. गुरुजींचे हे माप ४४ सेंटिमीटर आले. गादी अंगाच्या भाराने दबून ४ सेंटिमीटर उरत होती. म्हणजे गादीखालची फळी जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर हवी होती. त्यांच्या खुर्चीचे आसन ४९ सेंटिमीटरवर होते. नऊ सेंटिमीटरचा हा फरक. याच फरकामुळे त्यांचा चांगला पाय इतके दिवस अधांतरी लोंबत होता.

रुंदी : नितंबांची रुंदी मोजून तीत दोन-तीन सेंटिमीटरच मिळवावेत. खुर्ची ऐसपैस असावी, हा समज चुकीचा आहे. रुंद खुर्चीत माणूस दुबळ्या बाजूला कलतो आणि कडीपर्यंत हात नीट पोहोचत नाही.

खोली : पाठीपासून गुडघ्यामागच्या खाचेपर्यंतचे अंतर मोजून त्यातून सुमारे पाच सेंटिमीटर वजा करावेत. आसनाची कड गुडघ्यामागे रुतली तर पाय मागे ओढता येत नाही.

फेरबदल

पहिले काम आसन खाली आणण्याचे. आम्ही ते दोन टप्प्यांत केले. झोळीसारखे कापडी आसन काढून तेथे १२ मिलिमीटर प्लायवुडची फळी लोखंडी हुकांनी बाजूच्या नळ्यांवरून तीन सेंटिमीटर खाली टांगली. खालची कैची फळीला लागत नाही, याची खात्री करून घेतली. फळीमुळे कमरेचा झोकही गेला आणि गुरुजी सरळ बसू लागले. उरलेले सहा सेंटिमीटर चाकांकडून मिळवले. मागच्या चाकांचा आस सहा सेंटिमीटर वर घेण्यासाठी चौकटीला नवी पट्टी जोडली आणि पुढे कमी उंचीच्या काट्यासह लहान चाके बसवली.

येथे आमच्या हातून झालेली चूक मुद्दाम सांगतो. सुरुवातीला केवळ पुढचीच चाके लहान करून पाहिली होती. खुर्ची पुढे उतरती झाली. गुरुजी गादीवरून घसरू लागले. काकूंनी वेळीच धरले म्हणून पडले नाहीत. पुढची व मागची बाजू समान अंतराने खाली आली पाहिजे, हा नियम आम्ही त्या दिवशी शिकलो. मागची बाजू एकटीच खाली गेली तर खुर्ची मागे उलटण्याचा धोका असतो. पुढच्या लहान चाकांची उभी दांडी जमिनीशी काटकोनात राहते की नाही, हेही गुण्याने तपासावे. ती कलली तर चाके थरथरतात आणि खुर्ची सरळ जात नाही.

दुसरे काम पायांचे. चांगल्या पायाच्या बाजूचा फुटरेस्ट पूर्ण काढून टाकावा. दुबळ्या पायाच्या बाजूचा ठेवावा, त्याला टाचेमागे पट्टा लावावा, म्हणजे पाय मागे घसरून चाकाखाली येणार नाही. खुर्ची खाली आल्यावर फुटरेस्टही जमिनीजवळ येतो. तो किमान पाच सेंटिमीटर वर राहील असा पुन्हा बसवावा.

तिसरे काम ब्रेकचे. साध्या खुर्चीला दोन्ही बाजूंना स्वतंत्र ब्रेक असतात. उजव्या हाताने डावा ब्रेक लावण्यासाठी गुरुजींना इतके वाकावे लागे की तोल जाई. डाव्या ब्रेकच्या दांडीवर पंधरा-वीस सेंटिमीटर लांबीची लोखंडी नळी चढवली आणि तिच्या टोकाला सायकलची रबरी मूठ लावली. नळी काढता-घालता येणारी असावी, नाहीतर पलंगावरून खुर्चीत येताना ती आड येते. चाकाची जागा बदलल्यावर ब्रेकही नव्याने बसवावे लागतात. ते घट्ट लागतात ना, हे माणूस बसलेला असताना ढकलून पाहावे.

चौथे काम दुबळ्या हाताचे. हात लोंबत राहिला तर खांद्याचा सांधा ओढला जातो, पंजाला सूज येते आणि बोटे आऱ्यांत अडकू शकतात. डाव्या आर्मरेस्टवर पन्हळीच्या आकाराची लाकडी पट्टी बसवून तिला फोम व रेक्झिन लावले. कोपर किंचित पुढे आणि पंजा किंचित वर राहील अशी तिची ठेवण केली. डाव्या चाकाच्या आऱ्यांवर पातळ प्लास्टिकची चकती बांधली.

गादीबाबत हयगय करू नये. सतत बसून राहिल्याने कमरेखाली जखमा होतात आणि त्या जिवावर बेततात. दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे अथवा बाजूला झुकून भार हलवावा आणि रोज रात्री घरच्यांनी त्वचा पाहावी. लाल डाग दिसला आणि तो लवकर गेला नाही, तर खुर्चीत बसणे थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. कमरपट्टा लावल्यास तो एका हाताने उघडणारा असावा.

सराव

खुर्ची तयार झाली म्हणजे काम संपले असे नाही. वसतिगृहाच्या व्हरांड्यात आम्ही खडूने दहा मीटरची सरळ रेघ मारली. पहिल्या दिवशी गुरुजींची खुर्ची नागमोडी गेली. सहावीतली दोन मुले हसली. गुरुजीही हसले. आठव्या दिवशी खुर्ची रेघेवरून गेली.

एक अडचण मात्र उरली. खुर्चीची डावी बाजू दाराच्या चौकटीला पुनःपुन्हा लागत होती. मेंदूच्या उजव्या बाजूला आघात झाला की काहींचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे चांगले असूनही ती बाजू जणू नसतेच. डाव्या आर्मरेस्टला आणि दाराच्या डाव्या चौकटीला लाल पट्टी लावली. दारातून जाण्यापूर्वी मान वळवून ती लाल पट्टी शोधावयाची, हा पाठ गुरुजींनी मुलांकडून पाढे म्हणवून घ्यावेत तसा स्वतःकडून घोटवून घेतला.

उंबरा आणि उतार यांचाही विचार करावा लागला. पायरीच्या उंचीच्या बारापट लांबीचा उतार, हे प्रमाण सर्वसाधारणपणे सांगितले जाते. व्हरांड्याची पायरी १५ सेंटिमीटर, म्हणजे उतार १८० सेंटिमीटर. पण तो दोन हातांच्या हिशेबाचा. एका हातासाठी आम्ही वीसपट, म्हणजे तीन मीटर लांबीचा उतार बांधला, पृष्ठभाग खरखरीत ठेवला आणि कडेला उंच काठ घेतला. तरीही चढताना मागे एक माणूस असावा, हे आम्ही मान्य केले आहे. पावसाळ्यात मैदानातील काळ्या चिखलात ही खुर्ची चालत नाही, हेही येथे नोंदवून ठेवतो.

मुलांना एक नियम घालून दिला. विचारल्याशिवाय गुरुजींच्या खुर्चीला हात लावावयाचा नाही. मदतीच्या भावनेनेही नाही. खुर्ची त्या माणसाच्या शरीराचा भाग असते. न विचारता ती ढकलणे म्हणजे चालत्या माणसाला खांद्याला धरून ओढण्यासारखे आहे.

करुणा आणि हक्क

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूचा प्रसंग आहे. अतिसाराने खंगलेला तो भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले. इतर भिक्खू त्याची शुश्रूषा का करीत नव्हते, याची चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले की, तो कुणाच्या उपयोगाचा नाही. उपयोगावरून माणसाचे मोल ठरवण्याची ही वृत्ती अडीच हजार वर्षांपूर्वीही होती आणि आजही आहे. तिला बुद्धांनी स्वतःच्या हातांनी उत्तर दिले.

करुणा ही सुरुवात आहे. परंतु करुणेने खुर्ची दिली आणि ती चालते की नाही हे पाहिलेच नाही, तर ती करुणा देणाऱ्याच्या समाधानापुरती उरते. तिच्यापुढचा टप्पा हक्काचा. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आपली माणसे बाबासाहेबांच्या मागोमाग स्वतः चालत गेली. कुणी पाण्याची घागर घरी आणून देण्याने तो प्रश्न सुटणारा नव्हता. जातीचे दुःख आणि अपंगत्वाचे दुःख एकच आहे, असे आम्ही म्हणत नाही. जातीची बंदी माणसांनी हेतुपुरस्सर घातली. उंबरा घालणाऱ्याच्या मनात तसा हेतू नसेलही. पण दाराबाहेर राहिलेल्या माणसाचा अनुभव आपल्या समाजाला ठाऊक आहे, म्हणून तो ओळखण्याची जबाबदारीही आपल्यावर अधिक आहे.

संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये विकलांगतेच्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचा उल्लेख आहे. १९९५ मध्ये पहिला व्यापक कायदा झाला. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ चा. भारताने २००७ मध्ये त्याला मान्यता दिली आणि त्याला अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ अस्तित्वात आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात ते एकवीस झाले. या कायद्यातील एक कल्पना आमच्या मते सर्वांत मोलाची आहे. व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपले हक्क वापरता यावेत म्हणून तिच्या गरजेनुसार योग्य ते फेरबदल करून देणे, ही कल्पना ती होय. सर्वांना एकसारखी खुर्ची दिली म्हणजे समता झाली, असे कायदाही मानत नाही. गुरुजींच्या खुर्चीची कमी झालेली नऊ सेंटिमीटर उंची म्हणजे आमच्या लेखी या तत्त्वाचा अर्थ.

ज्या कुटुंबांना अशी गरज आहे त्यांनी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र प्रथम काढून घ्यावे. साधनांसाठी केंद्र शासनाची ‘एडीप’ योजना १९८१ पासून चालू आहे. ग्रामपंचायतीसह स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाच्या निधीची चौकशी ग्रामसभेत करावी. शिबिरात खुर्ची मिळत असेल तर कोणता हात चालतो, कोणता पाय चालतो आणि आसनाची उंची किती हवी, ही तीन वाक्ये अर्जासोबत लिहून द्यावीत. एका ओळीतील “व्हीलचेअर हवी” या मागणीला गोल फिरणारी खुर्चीच उत्तर म्हणून येते.

एक दार

यंदाच्या १४ एप्रिलला गुरुजी आले. वसतिगृहाच्या फाटकापाशी रिक्षातून उतरले, खुर्चीत बसले आणि तेथून प्रतिमेपर्यंतचे अंतर त्यांनी स्वतः कापले. उतारावर मात्र थांबून त्यांनी एका मुलाला हाक मारली आणि मागे उभे राहण्यास सांगितले. फुले वाहिली. भाषण केले नाही.

कार्यक्रम संपल्यावर ते रात्रीपर्यंत थांबले. दहा वाजता बॅटरी मांडीवर ठेवून त्यांनी खोल्यांची फेरी सुरू केली. पहिल्या तीन खोल्यांत गेले, डोकी मोजली. चौथ्या खोलीशी खुर्ची थांबली. त्या जुन्या खोलीचे दार अरुंद आहे. खुर्ची कशीबशी आत शिरते, पण कडी फिरवणाऱ्या हाताला चौकट लागते. मुलांनी उचलून आत घेण्याची तयारी दाखवली. गुरुजींनी मान हलवली, दारातूनच बॅटरीचा झोत फिरवला आणि म्हणाले, “एकवीस. बरोबर?” बरोबर होते.

त्या ओळीतील सहा खोल्यांची दारे तेवढीच अरुंद आहेत. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर असावी असे शासकीय मार्गदर्शक सूचना सांगतात. या स्मरणिकेच्या निमित्ताने जमणाऱ्या निधीतून प्रथम ही सहा दारे रुंद करावीत, असा प्रस्ताव आम्ही संस्थेपुढे ठेवला आहे. उद्या त्या खोल्यांत राहावयास येणाऱ्यांतही एखादा मुलगा खुर्चीवरून येईल. त्याने येण्यापूर्वीच दार तयार असावे, अशी आमची इच्छा आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी गवंडीकाम, सुतारकाम व वेल्डिंग जाणणाऱ्यांनी पैशाऐवजी दोन दिवस दिले तरी चालतील. येताना टेप घेऊन यावे.